बिनगिलाव्याची भिंत

आम्ही नवरा-बायको दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. बी.एड. नंतर बरीच वर्षे तुटपुंज्या पगारावर काढली. नोकरी कायम झाल्यावर कर्ज काढून भिवंडीतच दोन खोल्यांचे घर घेतले. आयुष्यातले पहिले स्वतःचे घर. सजावट करणाऱ्या तरुणाने मोबाईलवर फोटो दाखवले. गिलावा काढून उघड्या केलेल्या विटा, छताखालून जाणारे काळे पाइप, लोखंडी जाळीतले दिवे, पत्र्याच्या खुर्च्या. याला ‘इंडस्ट्रियल’ म्हणतात, असे तो म्हणाला. खोटे कशाला सांगावे, आम्हाला ते फार आवडले. आम्ही दिवाणखान्याची एक भिंत सोलून काढली.

अब्बा घर पाहायला आले. त्यांनी विटांवरून हात फिरवला, बोटांना लागलेली लाल भुकटी पाहिली आणि हळूच विचारले, “पैसे कम पड गये क्या बेटा? प्लास्टर मैं करवा देता हूँ.”

आम्ही हसलो. ही फॅशन आहे, असे मोठ्याने सांगितले. अब्बांशी मोठ्यानेच बोलावे लागते.

“कारखाने का फैशन?” एवढेच म्हणून ते गप्प झाले.

त्यांची ती चुप्पी आम्हाला झोपू देईना. शिक्षकाची खोड, आम्ही वाचू लागलो. ही फॅशन न्यूयॉर्कच्या सोहो भागातली. तिथले कारखाने आणि गोदामे ओस पडू लागली, तेव्हा 1950-60 च्या सुमारास गरीब चित्रकार-शिल्पकार त्यांत राहायला गेले. भाडे कमी, छत उंच, खिडक्या मोठ्या. तिथे राहणे बेकायदा होते. 1971 मध्ये शहराने कलावंतांना परवानगी दिली. मागोमाग श्रीमंत आले, भाडी वाढली आणि कलावंतांनाच जागा परवडेना. शेरॉन झुकिन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ‘लॉफ्ट लिव्हिंग’ या पुस्तकात ही हकीकत मांडली. पुस्तकाचे साल 1982.

ते साल वाचून आम्ही थबकलो. त्याच वर्षी 18 जानेवारीला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लोअर परळला गिरण्यांच्या आवारात मॉल, कचेऱ्या, हॉटेले आली. कुठे चिमणी तेवढी शोभेला राहिली. गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग भिवंडीत येतच होते, आता तिथले कामही इकडे आले. तशाच एका मागावर अब्बांनी उमेदीची वर्षे काढली. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची.

कारखान्यात प्रत्येक गोष्टीला कारण असते. सुताचा तुटलेला धागा दिसावा म्हणून खिडक्या मोठ्या. बिघाड लवकर सापडावा म्हणून पाइप उघडे. भिंतीला गिलावा नाही, कारण तिथे राहायचे कुणालाच नव्हते. फोटोत हे सारे दिसते, आवाज मात्र येत नाही. साधा माग मिनिटाला शंभरावर वेळा धोटा फेकतो. असे माग ओळीने चालू लागले की आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अब्बांचे कान त्यातच गेले. म्हणूनच वर्गात ओरडून बोलणाऱ्या मुलाला आम्ही रागवत नाही. त्याच्या घरी कुणाला कमी ऐकू येत असेल, हे आम्ही ओळखतो.

नोटबंदी आणि जीएसटीनंतर अब्बांच्या मालकाने माग भंगारात काढले. त्यातला एक धोटा अब्बांनी घरी आणला होता. त्याचा दिवा करून दारात टांगायचा आमचा बेत होता. आम्ही तो मागितला. अब्बांनी त्याचे लोखंडी टोक आमच्या तळहातावर टेकवले. शेजारच्या मागावरून धोटा उडाला आणि त्यांच्या जोडीदाराचा डोळा गेला, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. “इसको दीवार पे मत टाँगना.”

मग आमची मुलगी त्यांच्याजवळ बसली. कांडी कुठे बसते, धागा कोणत्या भोकातून निघतो, सारे त्यांनी दाखवले. फरशीवर धोटा सरकवून तासभर बोलत राहिले. इतके बोललेले आम्ही त्यांना क्वचितच पाहिले होते.

पावसाळ्यात उघड्या विटांना ओल आली, भुकटी गळू लागली. रमजानच्या आधी आम्ही भिंतीला गिलावा केला. लोक म्हणतात, ओलीमुळे केला. आम्ही तसेच म्हणू देतो. लोखंडी मेज ठेवले आहे. मजबूत आहे आणि गल्लीतल्याच वेल्डरने बनवले आहे. पाहुण्यांना कारखाना दाखवायची हौस आम्हाला होती, पण त्यात कामगार नको होता. हे कबूल करायला जड जाते.

धोटा आता पुस्तकांच्या फळीवर असतो. परवा तो वर्गात नेला आणि हे काय आहे, असे विचारले. निम्म्याहून अधिक हात वर झाले. मागच्या बाकावर नेहमी डुलक्या घेणारा एक मुलगा उठून पुढे आला. त्याने धोटा हातात घेतला, टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ये घिस गया है. मेरे अब्बा होते तो बदल देते.”

त्या दिवशीचा धडा त्यानेच घेतला.