हात लावीन तिथे गोंधळ!

पहिल्या मोठ्या चेकमधून मी टच माऊस घेतला. ना बटण, ना चाक. नुसती गुळगुळीत पाठ. पण स्वभाव लाजाळूच्या झाडाचा! बोट लागताच विद्युतक्षेत्रात होणारा बारीक फरक तो टिपतो. नुसतं टेकलेलं बोट कुठलं आणि मुद्दाम सरकवलेलं कुठलं, हे मात्र त्याला कळेल तर शपथ.

परवा नोकरीचा ऑनलाइन फॉर्म भरत होते. मुदत रात्री बाराची. दोन तास खपून ‘स्वतःविषयी’ लिहिलं, दोन बोटं जराशी घसरली, पान मागे गेलं, मजकूर गायब! डग्लस एंगेलबार्ट यांचा १९६४चा लाकडी माऊस आठवला. एकच बटण, दाबल्याशिवाय हूं की चूं नाही.

आधी सेटिंगमध्ये जाऊन स्वाइप बंद केलं. मग वर्डमध्ये नव्याने लिहिलं. निम्मंच झालं, पण खरं झालं.