हवालदारकाकांचा बिल्ला

आमचे गाव बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई. निजामाच्या काळात या गावाला मोमिनाबाद म्हणत. तेथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. 1903 साली ती फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली. आजची 'डेक्कन हॉर्स' ही रणगाड्यांची पलटण त्याच घोडदळातून आली आहे. घोडे गेले, रणगाडे आले. पण 'रिसालदार' हे पद तिच्यात आजही आहे.

हे सारे मला शेजारच्या हवालदारकाकांनी सांगितले. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले होते. त्यांची टोपी खुंटीला असे. तिच्यावर पितळी बिल्ला होता. त्यावर बिगुल, ढाल आणि दोन तलवारी होत्या.

एके दुपारी काका बाहेर गेले होते. मी ती टोपी घातली आणि गल्लीत सेनापती झालो. मुलांच्या झटापटीत बिल्ला चिखलात पडला. त्याची पिन वाकली. मी टोपी गुपचूप खुंटीला अडकवली.

संध्याकाळी काकांनी विचारले, "बिल्ला कुठे आहे?"

मी मान खाली घालून तो खिशातून काढला. काका रागावले नाहीत. पिन सरळ करत ते म्हणाले, "पूर्वी गणवेशाच्या रंगावरून पलटण ओळखू येई. मग खाकी आली. खाक म्हणजे माती. सगळेच मातीच्या रंगाचे झाले. तेव्हा जवान कोणत्या पलटणीचा, हे टोपीवरचा बिल्ला सांगू लागला. आमची पलटण चपळ पायदळाची. बिगुलाच्या इशाऱ्यावर धावणारी. म्हणून आमच्या बिल्ल्यावर बिगुल!"

"हे बिल्ले कधी बदलत नाहीत?" मी हळूच विचारले.

"बदलतात ना! पूर्वी मेजरच्या खांद्यावर मुकुट असे. 1950 साली देश प्रजासत्ताक झाला. मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. 1965 साली जमादाराचा नायब सुभेदार झाला. हवालदाराच्या बाहीवरच्या तीन फिती मात्र तशाच राहिल्या. हवालदार म्हणजे काय, ठाऊक आहे?"

मी गप्प राहिलो.

"हवाला म्हणजे सोपवलेली जबाबदारी. ती सांभाळतो तो हवालदार. दहा जवान माझ्या हवाली असत. त्यांचे जेवण झाले की मी जेवायचो."

मग त्यांनी बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. "उद्या सकाळपर्यंत हा तुझ्या हवाली."

मी चिंचेने घासून बिल्ला लख्ख केला आणि उशाखाली ठेवला. रात्री तीनदा उठून तो चाचपून पाहिला. सकाळी तो काकांच्या हाती दिला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. त्यानंतर मी त्या टोपीला कधी हात लावला नाही.

आजही एखाद्या जवानाच्या टोपीवर बिल्ला चमकताना दिसला, की मला चिंचेचा वास आठवतो. मनात येते, याच्या हवाली किती जण असतील?