१६५/८० आर १४

मी गाडी घेतली ती चाकं बघून. हे कबूल करायला मला बराच वेळ लागला, म्हणून आधीच सांगून टाकते.

सेकंडहँड स्विफ्ट, २०१४ची, पेट्रोल, पांढरी. अशा पांढऱ्या स्विफ्ट पुण्यात दर सिग्नलला तीन-चार उभ्या असतात. हिच्यात वेगळं एवढंच होतं की आधीच्या मालकाने तिला १७ इंची काळे मॅगव्हील टाकले होते. टायर इतके चपटे की लांबून बघितलं तर रिमला काजळाची रेघ ओढल्यासारखे दिसायचे. इंजिनाचा आवाज, सर्व्हिसचा रेकॉर्ड, क्लच वगैरे मी नंतर बघितलं. खरं तर बघितल्यासारखं केलं.

गाडी पहिल्यांदा गावी, चिपळूणजवळच्या आमच्या घरी नेली तेव्हा बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. बाबांनी ३१ वर्षं एस.टी. चालवली. ते गाडीचं तोंड बघत नाहीत, पाय बघतात. पुढच्या टायरच्या बाजूवर त्यांनी चार बोटं आडवी टेकवली. बोटं संपायच्या आत रिम लागली.

"रबर कुठंय?" ते म्हणाले.

"लो प्रोफाइल म्हणतात बाबा त्याला."

"ते असेल. रबर कुठंय?"

मी हसून विषय बदलला. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, ती फुटली, झालं.

बाबांच्या डोळ्यांबद्दल इथेच सांगायला हवं. त्यांना काचबिंदू आहे. निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना डेपोच्या डोळे तपासणीत तो निघाला आणि स्टिअरिंग सुटलं. उरलेली चार वर्षं त्यांनी डेपोतच हलकं काम केलं, आणि त्या वर्षांबद्दल ते कधी बोलत नाहीत. काचबिंदूत समोरचं दिसत राहतं, कडेचं जातं. गेलेलं परत येत नाही. डोळ्यातलं प्रेशर ताब्यात ठेवायचं आणि आहे तेवढं राखायचं, एवढाच उपाय. "माझ्या डोळ्यात हवा जास्त झालीय," असं ते पाहुण्यांना सांगतात. दर काही महिन्यांनी त्यांना पुण्यात दाखवावं लागतं. आधी ते रात्रीच्या एस.टी.ने यायचे. गाडी आल्यावर मी आणायला लागले. गाडी घेण्याचं हेच कारण मी घरी सांगितलं होतं.

मागच्या जुलैत पहाटे चारला निघालो. ११ची वेळ होती. कुंभार्ली घाट धुक्यात आणि पावसात चढलो, कोयनानगर गेलं, पाटण गेलं. मल्हारपेठेच्या अलीकडे समोरून ट्रक आला म्हणून मी थोडी डावीकडे झाले. तिथे पाणी साचलं होतं. पाणी म्हणजे खड्डा असणार हे कळेपर्यंत आवाज आला होता. फुटण्याचा नव्हे, लोखंडावर हातोडा मारल्याचा. बाबा डाव्या बाजूलाच बसले होते. त्यांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर गेले.

डाव्या टायरची बाजू रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात सापडून फाटली होती. रिमची कडही वाकली होती. स्टेपनी होती. कंपनीची मूळची, लोखंडी रिमची, १४ इंची. जॅक होता. पाना होता. पण पाना नटात जाईना. मॅगव्हीलची भोकं अरुंद असतात, त्यामुळे त्यांचे नट बारीक, कडेला खाचा असलेले. आणि त्या खाचांत बसणारी एक छोटी किल्ली लागते. ती नटावर चढवायची आणि तिच्यावर पाना. आधीच्या मालकाने ती मला दिली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीच्या कागदांसोबत. कागद गाडीत ठेवले आणि पिशवी पुण्यात कपाटात.

बाबा पावसात उकिडवे बसले, भोकात बोट घालून नट चाचपला आणि म्हणाले, "हा आपल्याने नाही निघायचा."

त्यांनी मला एक शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं.

मल्हारपेठेचा पंक्चरवाला दीड तासाने बाइकवरून आला. त्याने नटापेक्षा थोडा लहान सॉकेट हातोडीने नटावर ठोकून बसवला आणि पिळून काढला. तीन नट असे निघाले. चौथ्याने तास घेतला. पुण्यात पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. ओ.पी.डी. संपली होती, डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावी जाणार होते. पुढची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर जुनेच ड्रॉप चालू ठेवा, असं काउंटरवरून सांगितलं.

आता चाकांचं काहीतरी करायलाच हवं होतं, आणि मी पहिल्यांदा टायरवरचे आकडे नीट वाचले. माझ्या टायरवर २०५/४५ आर १७ होतं, स्टेपनीवर १६५/८० आर १४. गंमत अशी की या एका ओळीत तीन वेगवेगळी मापं कोंबलेली असतात. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्के, म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा व्यास, आणि तो इंचांत! मधला 'आर' हा रेडियसचा किंवा रिमचा, असं मला वाटायचं. तो रेडियल टायरचा असतो.

मग मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर बसले. १६५चे ८० टक्के १३२. म्हणजे १४ इंची टायरला बाजूचं रबर १३२ मिलिमीटर. वर-खाली मिळून २६४, त्यात १४ इंचांचे ३५६ मिळवले की चाकाची पूर्ण उंची ६२० मिलिमीटर. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. तिथे रबर १२० आणि पूर्ण उंची ६२१-६२२. बाहेर १६ इंचीसाठी १९५/५५ बसवतात. त्यात रबर १०७, उंची ६२१. माझ्या १७ इंचीत रबर ९२, उंची ६१६.

म्हणजे चाक मोठं होतच नाही. इतके दिवस मी "मोठी चाकं" म्हणत होते, आणि चाक होतं तेवढंच होतं. ते तेवढंच ठेवावं लागतं, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि टायर चाकाच्या कमानीला घासतो. घेर ठरलेला आहे. त्यात धातू वाढवला की रबर कमी होणार. खड्ड्यात दबायला माझ्याकडे १३२ऐवजी ९२ मिलिमीटर होते, आणि त्यातलाही काही भाग रिमच्या कडेत बसलेला. बाबांनी हे चार बोटांनी मोजलं होतं.

तरी १७ इंचीला मी नावं ठेवणार नाही. एक्स्प्रेसवेवर ती गाडी वळणात जशी वळायची तशी आता वळत नाही. बाजूचं रबर कमी असलं की ते वाकत नाही, स्टिअरिंगला लगेच उत्तर मिळतं. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर घट्ट धरतो. आणि दिसायची सुंदर, हे काही खोटं नाही. मी तिचे फोटो अजून डिलीट केलेले नाहीत.

टायरच्या दुकानातल्या मुलाला मी १४ म्हणाले तर त्याला वाईट वाटलं. "ताई, सगळे वर जातात, तुम्ही खाली येताय? १५ तरी करा." त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं. १५ ही कंपनीचीच साइज. १४पेक्षा रबर १२ मिलिमीटर कमी, पण रुंदी २० मिलिमीटर जास्त. मी जवळपास हो म्हणाले होते. फक्त पुण्यात राहत असते तर १५च घेतली असती, आजही तेच म्हणेन.

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. दिवसभर त्यांनी एक उद्योग केला होता. चिपळूण, पाटण, मल्हारपेठ, उंब्रज इथल्या टायरवाल्यांना त्यांनी फोन लावले होते. नंबर कुठून मिळवले विचारलं तर म्हणाले, "ड्रायव्हर लोक आहेत अजून." प्रत्येकाला एकच प्रश्न: आत्ता, या क्षणी, दुकानात कुठली साइज आहे? १४ चौघांकडे होता. १५ दोघांकडे. १७ मागवून देऊ, म्हणाले सगळे.

"आणि रिम लोखंडी घे," बाबा म्हणाले. "लोखंड वाकतं, ठोकून सरळ होतं. मॅगला तडा गेला की गेलं."

लोखंडी रिम नाना पेठेत जुन्या मिळाल्या. टायर कुठल्या जातीचा घ्यायचा यावर मात्र आमचं जमलं नाही. दुकानदाराने तीन दाखवले. एक कडक रबराचा, जास्त किलोमीटर चालणारा. एक मऊ, चार सरळ उभ्या खाचांचा, आवाज कमी, ओल्या रस्त्यावर पकड जास्त. तिसरा बाणाच्या नक्षीचा, एकाच दिशेने फिरवायचा. तिसरा दिसायला झकास, पण एकच स्टेपनी डावीकडेही लागणार आणि उजवीकडेही. एका बाजूला ती उलटी फिरणार. तो बाद. बाबांचं मत कडकला. एस.टी.त टायर किलोमीटरवर मोजतात, झिजला की रिमोल्ड करून मागे टाकतात. त्यांच्या हिशेबात मऊ रबर म्हणजे उधळपट्टी. पण माझी गाडी वर्षाला जेमतेम ८,००० किलोमीटर चालते. कडक टायर घेतला तर त्याची नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होऊन कडांना चिरा पडतील. जे वापरून संपणारच नाही ते वाचवायचं कशाला? आणि आमचा प्रवास पावसाचा, घाटाचा. मी मऊ घेतला. "तुझे पैसे," बाबा म्हणाले. फोनवर त्यांचं तोंड दिसत नव्हतं, तरी दिसलं.

पाच टायर घेतले, स्टेपनीसकट. पहिले काढलेले टायर मी परत पाठवले, कारण बाजूच्या छापातले शेवटचे चार आकडे आता मला वाचता येत होते. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते टायर दोन वर्षं गोदामात पडलेले होते. दुकानदार कुरकुरला, पण आतून ताजे काढले. नायट्रोजन भरू का, असं विचारलं, तेव्हा नको म्हणाले. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

चारातले धड तीन मॅग आणि ठोकून सरळ केलेला चौथा एका कॉलेजच्या मुलाने घेतले. चौथा वाकलेला होता हे त्याला सांगितलं आणि पैसे कमी केले. किल्लीची पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ही गाडीतच ठेव. तो "हो हो" म्हणाला. माझ्यासारखाच.

ऑगस्टमध्ये परत गेलो. तोच रस्ता, तसाच पाऊस, खड्डे वाढलेले. दोनदा गाडी जोरात आपटली आणि काहीही झालं नाही. साडेदहाला हॉस्पिटलमध्ये होतो. प्रेशर वाढलेलं निघालं. कडेच्या नजरेच्या तपासणीत डाव्या डोळ्याच्या नकाशावर काळा भाग मागच्या वेळेपेक्षा जास्त होता. ड्रॉप बदलले. त्यातलं किती त्या पाच आठवड्यांत गेलं आणि किती आधीच गेलं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. बाबांनी विचारलं, पुढची तारीख कधीची.

परत येताना पाटणला चहाला थांबलो. पाऊस उघडला होता. लांबच्या फेरीत थांबलं की बाबा उतरून प्रत्येक टायरवर तळहात ठेवतात. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक धरतोय. मागचे दोन झाले, पुढचा डावा झाला. मग उजव्या टायरसाठी ते रस्त्याच्या बाजूने वळले. त्यांच्या डाव्या अंगाने एक स्कूटर येत होती, चांगली हॉर्न वाजवत, आणि ते सरळ तिच्यापुढे निघाले. मी शर्ट धरून मागे ओढलं. स्कूटरवाला काहीतरी बोलून गेला.

बाबा क्षणभर तसेच उभे राहिले. मग वाकले आणि उजव्या टायरवर हात ठेवला.

"सारखे आहेत सगळे," म्हणाले. "स्टेपनीत हवा बघितलीस का निघताना?"

नव्हती बघितली.