भिंत वाजवून बघणारी माणसं

1980च्या आसपास पुण्याच्या पेठांमध्ये गच्चीवर उभं राहिलं की सिंहगड कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नसे. सगळ्या अँटेना तिकडेच तोंड करून असत. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. वादळी पाऊस झाला की एक जण कौलावर, एक जिन्यात आणि एक टीव्हीपुढे. ‘आलं... गेलं... थांब, आता हलवू नकोस!’ हा पुकारा नारायण पेठेतल्या आमच्या बोळात इतका नेमाने ऐकू येई की आज कुठे सिंहगडाचा मनोरा दिसला तरी तो कानात वाजतो.

तो टीव्ही भिंतीला साधा टेकतही नसे. चार पायांचं लाकडी कॅबिनेट, पुढे सरकती शटर, शटरला कुलूप, वर आजीने विणलेलं क्रोशाचं झाकण, शेजारी गुणगुणणारा स्टॅबिलायझर. 20 इंची संच वीसएक किलोंचा, आणि त्यातला बराचसा भार पुढच्या काचेत. म्हणून तो पुढच्या बाजूला कलंडू शकतो हे घरातलं शेंबडं पोरही जाणून होतं. ‘चिमणराव’ बघायला अर्धा वाडा सतरंजीवर दाटीवाटीने बसे. त्यातलं एखादं मूल कॅबिनेटच्या कडेला लोंबकळलं की चार घरच्या चार बायका एकदम ओरडत. कोणाचं मूल आहे हे कोणी बघत नसे.

भिंतीपासून हे अंतर राखण्यामागे समज होती. वाड्याचं जोतं दगडी, वरचा सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा, आणि मधल्या भिंती पुष्कळदा मातीत रचलेल्या. खुंट्या भिंत रचतानाच बसवलेल्या असत आणि दिव्यासाठी कोनाडाही तेव्हाच सोडलेला असे. नंतर कुणी खिळा ठोकला की त्याच्यामागून पिवळसर माती गळू लागे. माझ्या आजीला घरातली प्रत्येक भिंत माहीत होती. कुठली पावसाळ्यात ओल धरते, कुठली पोपडे टाकते, कुठे खिळा धरतो आणि कुठे धरत नाही, हे ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगे.

जड तसबिरींची गोष्ट तर मला आजही नवल वाटायला लावते. आजोबांची मोठी तसबीर खालून दोन दणकट खिळ्यांवर ठेवलेली असे आणि वरून दोरीने पुढे झुकवलेली. भार खालच्या खिळ्यांवर. दोरीचं काम फक्त तसबीर पुढे पडू न देण्याचं. भिंतीवर टांगलेल्या कुठल्याही जड वस्तूचं शास्त्र नेमकं हेच आहे. वजन खाली ओढतं, पण त्याच वेळी वरची कड भिंतीतून बाहेर यायला बघते. आजच्या टीव्हीच्या ब्रॅकेटमध्ये वरच्या ओळीतले स्क्रू ती दोरी असतात. ते सुटले तर सगळं सुटलं.

वायरमन किंवा सुतार आला की आधी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवी. आवाज बद्द आला की दोन बोटं सरके, पुन्हा वाजवी. मग छिन्नीने भोक पाडून त्यात लाकडाचा गट्टू ठोके आणि त्या लाकडात स्क्रू पिळे. एका बोर्डाला अख्खी सकाळ जाई. मधे चहा होई, भिंतीचा इतिहास विचारला जाई. त्या संथपणात जी काळजी होती, ती मला आज फार आठवते.

पुढे वाडे पाडून अपार्टमेंट आली. बाहेरची भिंत नऊ इंची विटेची, आतली चार इंची. आणि याच पुण्यात 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बी. जी. शिर्के यांच्या उद्योगाने सिपोरेक्सचे हलके ठोकळे बनवायला घेतले. म्हणजे टीव्ही आणि ही भिंत जवळपास एकाच सुमारास पुण्यात आल्या. आज कुठल्याही कंपनीचा तसा ठोकळा असला तरी इथला गवंडी त्याला सिपोरेक्सच म्हणतो. ठोकळा उत्तम आहे: विटेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा हलका, उन्हाळ्यात घर थंड ठेवणारा. पण तो आतून हवेच्या बारीक छिद्रांनी भरलेला असतो, आणि विटेसाठीचा प्लग त्यात टिकत नाही.

आता 55 आणि 65 इंची पडदे घरोघर आहेत. बाणेर-खराडीच्या नव्या फ्लॅटमध्ये टीव्ही बसवायला मुलं येतात, अर्ध्या तासात काम उरकून पुढच्या पत्त्यावर जातात. त्यांच्यावर वेळेचं ओझं असतं, दोष त्यांचा नाही. पण भिंत कसली आहे हे कोणी विचारत नाही, आणि घरच्यांनाही ते ठाऊक नसतं. 65 इंची संच वीस-पंचवीस किलोंचा, म्हणजे वजन जुन्या टीव्हीइतकंच. फक्त तेव्हा ते चार पायांवर उभं होतं आणि आता चार-सहा स्क्रूंवर लटकतं. पुढे ओढून वळवता येणारा ब्रॅकेट असेल तर ओढ आणखी कितीतरी वाढते.

सिपोरेक्सच्या भिंतीत ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा. ठोके बसले की भोक आतून चुरा होऊन ऐसपैस होतं; स्क्रू त्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही महिन्यांनी ढिला पडतो. तिथे त्या ठोकळ्यांसाठीच बनवलेले लांब अँकर लागतात, किंवा रसायन भरून बसवायचे. नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन मागे पट्टी द्यावी. टॉवरमधली ओतीव काँक्रीटची भिंत असेल तर तिच्याइतका भरवसा दुसऱ्या कशाचा नाही, मात्र ड्रिल सळईला लागलं तर सळई कापू नये, भोक सरकवावं. नुसत्या जिप्सम बोर्डवर मोठा टीव्ही टांगूच नये. मागे लोखंडी चौकट किंवा जाड प्लायवूड हवंच. हे सगळं सामान रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं, आणि तिथला जुना दुकानदार आधी ‘भिंत कसली?’ असंच विचारतो. तो प्रश्न ऐकला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

दुसरी काळजी भिंतीच्या पोटातली. पूर्वी वायर लाकडी पट्टीवरून डोळ्यांसमोर जायची. आता ती लपलेली असते, साधारणपणे स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली. त्या रेषेत भोक पाडू नये, आणि पलीकडे न्हाणीघर असेल तर नळाचे पाइप कुठून गेलेत ते आधी बघावं. उंचीचंही तसंच: सतरंजीवर बसून वर मान करायची आमची पोरवयाची हौस होती, पण सोफ्यावर बसणाऱ्या आजोबांच्या मानेसाठी पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास बरा.

भाचीने वाकडला घर घेतलं तेव्हा प्लास्टर व्हायच्या आधी आम्ही दोघं तिथे गेलो. प्रत्येक भिंतीला टेप लावून, पाइप आणि वायरी दिसतील असे तिने फोटो काढले, आणि कुठली भिंत कशाची ते मी छापील नकाशावर पेन्सिलीने लिहिलं. तो नकाशा तिने मीटरच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे.