माडीवरच्या फळ्या

आजोळच्या माडीवर झोपलं की खालचं सगळं घर ऐकू यायचं. ओटीवर आजोबांचा अडकित्ता, माजघरात आजीचं आणि मामीचं दबक्या आवाजातलं बोलणं, गोठ्यातली घंटा. फळ्यांच्या फटींतून कंदिलाचा उजेड वर चढायचा आणि कौलांखालच्या वाशांवर पिवळ्या रेघा उमटायच्या. मे महिन्यात त्या रेघा चांगल्या ठसठशीत असत. एका वर्षी वडिलांच्या बदलीमुळे मी आषाढ संपेपर्यंत तिथे राहिले. एका रात्री लक्षात आलं, रेघा नाहीशा झाल्यात. खाली कंदील होता आणि वर मिट्ट काळोख. सकाळी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "अगो, लाकूड आहे ते, पाणी पितं. दिवाळी झाली की देईल परत."

देवरुखजवळचं ते घर. जांभ्याच्या भिंती, खाली शेणाने सारवलेली जमीन, वर सागाच्या फळ्यांची माडी. सारवलेल्या जमिनीवर माझा जीव आहे, पण कोकणातल्या पावसात ती ओल धरते हे खरं. आजीचे गुडघे मृगाबरोबर दुखायला लागत आणि तिचं अंथरूण माडीवर जाई. माझा जन्म श्रावणातला. बाळंतिणीच्या खोलीला ओल आली म्हणून बारशानंतर आजीने आईला आणि मला वर हलवलं. शेकाची शेगडी चिऱ्याच्या तुकड्यावर ठेवलेली असे, तरी एकदा निखारा उडालाच आणि फळीवर रुपयाएवढा काळा डाग पडला. ही जागा तुझी, असं सगळे मला सांगत. सुट्टीत गेले की मी त्याच फळीवर अंथरूण घालायचे.

पुण्यात आमच्या पायांखाली आधी शहाबादी फरशी होती, मग मोझॅक, मग फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स. आईला त्या टाइल्स आवडल्या. पुसायला सोप्या, त्यांवर डाग राहत नाही. पण पहिल्याच थंडीत तिने घरात चप्पल घालायला सुरुवात केली. उभ्या आयुष्यात देवघर असलेल्या घरात चप्पल न घातलेली बाई! मला ते फार लागलं. वास्तविक एकाच खोलीतली टाइल आणि लाकडाचं स्टूल यांचं तापमान सारखंच असतं. गार लागते ती पायातून निघून जाणारी उष्णता. लाकडाच्या आत बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते, म्हणून ते पायाची ऊब सहजी ओढून नेत नाही. ग्रॅनाइटसारख्या दगडाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता लाकडाच्या दहापटीहून जास्त असते. सत्तरीतल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या पायांना हा फरक रोज सकाळी कळत असतो.

मधली तीन वर्षं आम्ही बाणेरला भाड्याच्या घरात होतो. ते घर मी घेतलं ते तिथे लाकडी जमीन आहे म्हणून. आत शिरताच एक तिखट, नाकात चढणारा वास यायचा. नव्या घराचा वास आहे, जाईल, असं सगळे म्हणाले. उन्हाळ्यात खोली बंद राहिली की डोळे चुरचुरत. मुलाला खोकला लागला तो महिनोन् महिने हटेना. मग एका पावसाळ्यात गॅलरीच्या दाराशी पाणी आलं आणि तिथली फळी फुगून उचलली गेली. तिचा वरचा पापुद्रा हातात आला. तो कागद होता. लाकडाचे वळसे, गाठी, सगळं त्यावर छापलेलं. खाली गोंदाने दाबून बसवलेला भुसा.

तो गोंद बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू महिनोन् महिने, कधी वर्षंही, थोडा थोडा सुटत राहतो; उष्मा आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतो, आणि आपल्याकडे तर दोन्ही भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं. मुलाचा खोकला त्यानेच होता असं मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून 'लाकडी जमीन आरोग्याला चांगली' असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कसलं लाकूड, कशाने चिकटवलेलं, वर काय फासलेलं?

खऱ्या लाकडाबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. गालिच्यासारखी त्यात धूळ आणि धुळीतले किडे घर करत नाहीत. केरसुणी आणि घट्ट पिळलेलं फडकं पुरतं. आजोबा म्हणत तसं ते दमट दिवसांत हवेतली वाफ घेतं आणि कोरड्या दिवसांत सोडतं. पाऊल पडलं की कणभर दबतं. नाटकाच्या रंगमंचाला, बॅडमिंटनच्या कोर्टाला लाकूड वापरतात ते उगाच नाही.

पाच वर्षांपूर्वी मामाचा फोन आला. आजोळचं घर उतरवायचं ठरलं होतं. छप्पर गेलेलं, दोन भिंती बसलेल्या. "चांगल्या फळ्या विकेन, तुटक्या बंबात घालेन. तुला हव्यात का?" मी हो म्हटलं तेव्हा त्या कुठे ठेवायच्या याचाही विचार केला नव्हता.

टेम्पो आला. फळ्या धुळीने काळ्या, गंजक्या खिळ्यांनी भरलेल्या. सुताराने लोहचुंबक फिरवून एकेक खिळा काढला, मग रंधा मारला. पहिल्या दोन हातांतच आतून मधासारखा रंग आला, आणि वास! चामड्यासारखा, तेलकट, माडीचा वास. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणून हे लाकूड इतकं टिकतं. किती टिकतं, असं शेजारच्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागातून बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' जहाजाबद्दल सांगितलं. १८१७ साली पाण्यात सोडलेलं ते जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगतं आहे.

ज्या खोलीत बसवायच्या त्याच खोलीत फळ्या तीन आठवडे नुसत्या पडून होत्या. पुण्याची हवा त्यांना कळू दे, असं सुतार म्हणाला. काँक्रीटवर आधी रिपा, रिपांवर फळ्या, भिंतीकडे बोटभर जागा सोडलेली. कारण लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. वरून लाख नाही, चकाकणारं पॉलिश नाही. नुसतं जवसाचं तेल, दोन हात.

एकदा बसून हिशेब केला. दहा बाय बारा फुटांची खोली, फळी इंचाला थोडी कमी. साधारण दीडशे किलो लाकूड. कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं, म्हणजे सत्तरेक किलो, आणि तो जमवायला झाडाने हवेतून अडीचशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला होता. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. फळ्या बंबात गेल्या असत्या तर एका हिवाळ्यात तो सगळा परत हवेत मिसळला असता. टाइल भाजायला भट्टी बाराशे अंशांपर्यंत तापवावी लागते. या फळ्या झाडाने उन्हावर तयार केल्या.

पण हे पुण्य नवा साग जंगलातून तोडून आणला तर मिळत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मला हौसेने ब्रह्मदेशी साग दाखवला गेला होता. ब्रह्मदेशाने, म्हणजे आजच्या म्यानमारने, २०१४ साली गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यामागे तिथली जंगलं ओरबाडली गेली हेही कारण होतं. ज्याला फळ्या वारशाने मिळाल्या नाहीत त्याने पाडलेल्या वाड्यांचं लाकूड शोधावं, नाहीतर लागवडीतलं घ्यावं. साग लावता येतो. केरळात निलांबूरला १८४०च्या दशकापासून लावला जातो आहे.

काम संपत आलं तेव्हा सुताराने एक फळी वेगळी काढली. "ताई, हा जळका डाग रंध्याने निघेल." मी नको म्हटलं. ती फळी खिडकीशी बसवली, उजेडात.

आई दुपारी आली. दाराशी चप्पल काढली, सवयीने घरातली चप्पल शोधली, मग तशीच अनवाणी आत गेली. खोलीभर चालली. खिडकीशी थांबली, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसली आणि डागावर तळवा ठेवला.

"हा जिन्याच्या बाजूला होता," ती म्हणाली. "खिडकीत नव्हता. खिडकीत वारा लागला असता तुला."

मग हाताची उशी करून ती तिथेच आडवी झाली.