सातवा महिना आणि दशलक्षण पर्व



भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजे आजपासून अनंत चतुर्दशीपर्यंत आपलं दशलक्षण पर्व. दरवर्षी मी या दिवसांत एकाशन करते. यंदा सातवा महिना, त्यात रक्त कमी. डॉक्टरांनी उपवासाला सरळ नाही सांगितलं. मन खट्टू झालं. सासूबाई म्हणाल्या, "दोन जिवांची आहेस. पोटभर जेव, फक्त दिवस मावळायच्या आत."

ऐकायला सोपं, पण घरात अडीच वर्षांची लेक आहे! पाच वाजता भरवायला घेतलं की वरण-भाताचा एक घास खाते आणि पळते. मागे मी, पोट सांभाळत. आज तर पाणी गाळायचं फडकं डोक्यावर घेऊन ती 'माताजी' झाली आणि गाळलेल्या पाण्याची कळशी लवंडली. मला वाकवत नव्हतं. ओरडणार, तोच तीच ओरडली, "आई, थांब! मुंगी भिजेल!" आणि मुंगीला कागदावर घेत बसली.

आजचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा. मंदिरात प्रवचनाला जाता आलं नाही, पण एक गोष्ट कळली. एकाशनाचा नियम सकाळी एकदा घेतला की दिवस निभावतो. राग मात्र दर तासाला नव्याने आवरावा लागतो. हेही तपच, आणि याला कोणते डॉक्टर नाही म्हणणार?

सहाच्या आत दोघींची जेवणं झाली. झोपताना लेकीने पोटाला तोंड लावून बाळाला अर्धा णमोकार ऐकवला.

उद्या उत्तम मार्दव. काय सांडतंय बघू!