सांध्याचा शेजार

अहेरीस कमानपाट्याची कुऱ्हाड करून घ्यावयास आम्ही लोहाराजवळ बसलों होतों. त्यानें लाल पात्याला पाणी दिलें. काम झालें असें समजून आम्हीं हात पुढें केला, तों त्यानें तें पुन्हा निखाऱ्यांवर धरलें. धारेवर पेंढ्यासारखी पिवळी झांक चढूं लागली. “असंच न्याल तर पहिल्याच घावाला टवका उडेल,” तो म्हणाला.

आम्हांस पुतण्या आठवला. शर्यतीच्या मोटारींत चालकाभोंवतीं नळ्यांचा पिंजरा असतो. पोलाद क्रोमियम सुमारें १ टक्का आणि मॉलिब्डेनम सुमारें ०.२ टक्का असलेलें. पुतण्या वेल्डिंग होतांच सांध्यावर ओलें फडकें टाकी. घाई, दुसरें काय! अशानें सांध्याच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि टकरींत नळी वांकण्याऐवजीं तेथेंच तडकते. पातळ नळी वारा न लागतां आपोआप निवूं दिली तर बहुधा भागतें. जाड असल्यास सुमारें ६०० अंश सेल्सियसपर्यंत पुन्हा तापवून सावकाश निववावी.

हें आम्हांस ठाऊक होतें. पण घरांतल्या एका तंट्यापासून आमचें बोलणें बंद होतें, आणि त्या पिंजऱ्यांत बसणार होता तो स्वतः.

रात्रीं दूरध्वनि केला. कुशल विचारण्याआधींच आम्ही म्हणालों, “तें फडकें अगोदर फेकून दे.”